डाव्या तोंडाची कणीक

१

मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते. ज्याने मृदंग लांबूनच पाहिला आहे त्याला हे सांगितलं की तो हसतो. पण कणकेशिवाय त्या बाजूला घुमारा येत नाही. नुसतं कातडं वाजतं, पत्र्यासारखं. तळहाताएवढा गोळा मधोमध थापायचा, कडा पाण्याच्या बोटाने बसवायच्या. मग थाप टाकली की आवाज पोटातून आल्यासारखा येतो.

आमच्या कुडपणला गहू पिकत नाही. नाचणी, वरी, खालच्या अंगाला थोडं भात. गहू पोलादपूरच्या बाजारातून यायचा आणि तोही मृदंगापुरता. माझी बायको येसूबाई ते पीठ एका झाकणाच्या डब्यात ठेवायची. कुठे भजनाला, नमनाला जायचं असलं की मूठभर पीठ घ्यायची, मीठ न घालता मळायची आणि ओल्या फडक्यात बांधून माझ्या हातात द्यायची. लग्न होऊन आली तेव्हापासून हे काम तिचं. मळून झालं की बोटं धुवायची. चाटायची नाही.

वाजवून झालं की ती कणीक खरवडून वाहत्या पाण्यात सोडायची, अशी आमच्या घरात रीत. गुरांना घालायची नाही, कोंबड्यांना नाही, माणसाने तर खायचीच नाही. माझे वडील एवढंच म्हणायचे, "तिनं ऐकल्यालं असतं." मी कधी पुढे विचारलं नाही. पण थाप पडायच्या आधीची कणीक म्हणजे नुसतं अन्न. ती उरली तर येसू तिची दामटी भाजून शेजारच्या राहीबाईच्या नातवंडांना द्यायची. स्वतः खाताना मी तिला पाहिलं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "माज्या दातात बसतो गहू."

मला स्वतःला त्या कणकेची किळस आहे. लहानपणापासूनची. वाजवलेली कणीक करडी आणि घामट होते. आंबूस वास येतो, तिच्यावर तळहाताच्या रेषा उठतात, एखादा केस चिकटलेला असतो. खरवडताना ती नखांत जाते. एवढी वर्षं वाजवून मी दर वेळी मान वळवूनच ती काढत आलो. लोकांना वाटायचं, म्हातारा तंद्रीत आहे.

२

माझा पुतण्या सहदेव मुंबईला गोदीत कामाला आहे. त्याची तिथे कुणा तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या साहेबाशी ओळख झाली. साहेबाला डोंगरातली जुनी गाणी हवी होती. सहदेवाने माझं नाव सांगितलं.

मी म्हटलं, "आता कशाला रे? हात जड झाले. आवाज बसलाय."

"काका, साहेबाला तोच पायजेल. बोलला, तरण्या पोरांचे गळे माज्याकडं ढीग हायेत."

मी पदं बांधतो. फार नाहीत. बहुतेक सगळी भुकेची आहेत, कारण दुसरं काही मी इतकं जवळून पाहिलेलं नाही. त्यातलं एक लोक मागून घेतात.

भूक आली पावणी, तिला पाट मांडा गो,
घरामंदी दाणा नाय, हसून बोला गो.

फाल्गुनात आम्ही महाडला उतरलो. मी, सहदेव आणि येसू. कणीक मळायला ती हवीच होती. बाजारपेठेच्या मागे एक भाताचं गोदाम साहेबाने घेतलं होतं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना भाताची पोती लावली होती, दाराला घोंगड्या टांगल्या होत्या. आत इतका उकाडा की पोत्यांनासुद्धा घाम आल्यासारखा वास येत होता. साहेब कोपऱ्यात यंत्रापुढे बसला, कानांवर दोन वाट्या चढवून. यंत्रावर दोन चाकं आणि त्यांच्यावर तपकिरी फीत फिरत होती.

उकाड्याने कणीक वाळायची. येसू माझ्या डाव्या अंगाला बसून पाण्याच्या बोटाने ती ओली करायची. वर आणखी थोडी लावायची. एरवी असं आम्ही करत नाही. जुनी काढून नवी लावतो. पण साहेबाला थांबायला वेळ नव्हता. थरावर थर चढत गेला.

भुकेचं पद अर्ध्यावर आलं आणि साहेबाने हात वर केला. कानांवरच्या वाट्या काढल्या. "कोण खातंय?" तो म्हणाला.

मी मृदंगावरचा हात उचलला.

"माझ्या कानात स्पष्ट येतंय. चपचप, चपचप. यंत्र सगळं ऐकतं. कृपा करून तोंड बंद ठेवा."

तो येसूकडे पाहत होता. तिने पदर तोंडाला लावला. सकाळपासून तिच्या पोटात चहाखेरीज काही नव्हतं. मला फार वाईट वाटलं, पण शिकलेल्या माणसापुढे माझी जीभ वेळेवर उचलत नाही. मी एवढंच म्हणालो, "ती नाय खात, साहेब." तो म्हणाला, "बरं बाबा, पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं. येसू पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. साहेबाचा चेहरा तरी आंबटच होता.

शेवटी त्याने माझा फोटो काढला, मृदंग मांडीवर घेऊन. मी कणीक काढायला करवंटी हातात घेतली तर म्हणाला, "राहू द्या. तबकडीच्या पाकिटावर मृदंगाचं वेगळं चित्र छापायचंय. मुंबईला नेतो. ती पांढरी टिकली छान दिसते."

"कनीक काढल्याबिगर नेत नायत," मी म्हटलं.

"काका, फोटो निकालला की मी सोता साफ करीन," सहदेव म्हणाला आणि मृदंग उचलून मोटारीत ठेवलासुद्धा.

३

वैशाखात सहदेव आला. डोक्यावर पेटी, पाठीमागे मोरू गडी, त्याच्या खांद्यावर कापडात गुंडाळलेला मृदंग. पेटीत चावीचा फोनो आणि माझ्या तबकड्या. शिवाय काकीला म्हणून गव्हाच्या पिठाची पिशवी.

दुपारी अंगणात फणसाच्या सावलीत फोनो मांडला. आजूबाजूची माणसं जमली. राहीबाई पुढ्यातच बसली. सहदेवाने चावी फिरवली, सुई ठेवली. आधी नुसती खरखर आली. मग माझा आवाज. आपला आवाज बाहेरून ऐकणं हे काही चांगलं नसतं. कर्ण्याच्या तळाशी कुणी थकलेला म्हातारा कोंडून ठेवला आहे असं मला वाटलं.

"अगो बाय, कुशाबाच हाय की आतमंदी!" राहीबाई म्हणाली.

"बाहेर काडा रे त्याला, गुदमरंल," मोरू म्हणाला, आणि सगळे हसले.

भुकेचं पद लागलं. पाट मांडा गो, असं मी म्हटलं आणि डाव्या तोंडावर थाप टाकली. घुमारा उठला. तो विरता विरता त्याच्या मागून एक ओला आवाज आला. बारीक. ओठ उघडून मिटल्यासारखा. मग परत. पुढच्या ओळीला जास्त. कुणी मऊ घास तोंडात घोळवतं आहे, दातांनी नव्हे, हिरड्यांनी, सावकाश. आणि ओळ संपली की गिळलं.

अंगणात कुणी हसेना.

"कोन खातंय रं त्यो?" राहीबाईने विचारलं.

"सुई घासलीय," सहदेव म्हणाला. "धूळ बसली की असला आवाज येतो. मुंबईत सगळीकडं येतो."

"धूळ गिळती व्हय रं?"

"आजी, तू गप बस ना जरा."

मी येसूकडे पाहिलं. ती दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता, महाडला लावला होता तसाच. "मी नव्हते हो खात," ती हळूच म्हणाली.

"ठावं हाय मला," मी म्हटलं.

धूळच असेल, असं मी मनाला सांगितलं. यंत्राची माहिती मला नाही. पण माझ्या तोंडाला मळमळल्यासारखं पाणी सुटलं होतं. मी उठून पडवीत गेलो.

४

मृदंग पडवीत ठेवला होता. त्याच्यावरचं कापड डाव्या बाजूला ओलं होतं. वैशाखात, घाट चढून आलेलं कापड ओलं. मोरूच्या घामाने झालं असेल, असं मला वाटलं. मी गाठ सोडली.

कणीक तशीच होती. सहदेवाने काढली नव्हती. ती वाळून खडा व्हायला हवी होती, भेगा पडून गळायला हवी होती, नाहीतर बुरशी येऊन काळी. ती पांढरी होती. महाडला लावली तेव्हा होती त्याहून पांढरी. आणि जास्त होती. आम्ही मधोमध थापली होती, ती आता काठापर्यंत पोचली होती, मध्ये फुगीर.

मी बोट टेकवलं. बोट आत गेलं आणि खळगा पडला. सुजलेल्या पायात बोट दाबलं की पडतो तसा. मग तो खळगा हळूहळू भरून वर आला. ती कोमट होती. वास आंबूस नव्हता. दूध प्यायलेलं पोर ओकलं की त्याच्या गळ्याशी जो वास येतो, गोडसर, उबट, तसा होता. पडवीच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती. मृदंगापाशी येऊन ती रांग वळली होती, लांबून वळसा घालून पुन्हा सरळ झाली होती.

माझ्या बोटाला थोडी कणीक लागली होती. ती मी धोतराला पुसली, तरी बोट चिकट राहिलं. मी मागच्या ओढ्यावर गेलो, राख आणि वाळू घेऊन बोट घासलं, सालटं निघेपर्यंत. करवंटी शोधली. मान वळवून एकदा खरवडून टाकू, पाण्यात सोडू, मिटलं, असं ठरवून परत आलो.

मृदंगाचं डावं तोंड स्वच्छ होतं. कुणी चाटून पुसून घेतल्यासारखं. कातड्यावर पिठाचा एक कण नव्हता.

घरातून भाजल्या गव्हाचा वास येत होता.

येसू चुलीपाशी बसली होती. तव्यावर काही नव्हतं. तिच्या हातात दामटीचा शेवटचा तुकडा होता.

"येसू, मृदंगाची कनीक?"

"ही काय." ती थोडी लाजली. "तुमी मळलीत ना? सहदेवाच्या पिठाची? किती सैल मळलीत वो, हाताला लागत व्हती. म्हटलं, वाजवायच्या आदी सगळे फोनो ऐकत बसल्येत, वाळून वाया जायाची. घेतली भाजून. आज म्हटलं आपनच खावी."

तिचं चुकलं काय? मऊ कणीक म्हणजे आत्ताची, आणि आत्ताची म्हणजे थाप न पडलेली. आमच्या घरात कुणीही तेच समजलं असतं.

"टाक तो. थुक. ती महाडची हाय."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तुकडा तिने चुलीत टाकला. पण तोंडात होतं ते, मी पाहत असतानाच, गळ्यातून खाली गेलं. तिने गिळलं असं मला दिसलं नाही. ते आपलं आपण गेलं.

मागच्या दारी तिने घशात बोटं घातली. मी तिची पाठ धरून होतो. नुसतं पाणी आलं, पांढुरकं.

"येत नाय वो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. मग तिने पोटावर हात ठेवला. "खाली जाऊन बसलंय. निवांत."

५

त्यानंतर येसू जेवेना. ताट वाढून घ्यायची, बोटांनी चिवडायची, म्हणायची, "पोट भरल्यालं हाय." भाकरी नाही, पेज नाही. तिला लोणच्याचा खार फार आवडतो, तो मी बोटावर घेऊन तिच्या ओठांपाशी नेला तर तिने लहान पोरासारखी मान फिरवली. हातपाय वाळत चालले. गालांची हाडं वर आली. पोट मात्र वाढलं. वाढलं म्हणजे सुटलं नाही; ताणलं.

राहीबाईने पाणवठ्यावर थट्टा केली. "ह्या वयात गो येसू? कुशाबाचा मृदंग अजून वाजतो म्हनायचा!"

बायका हसल्या. येसूही हसली. घरी येऊन मला सांगताना पुन्हा हसली आणि हसता हसता रडायला लागली. आम्हाला मूलबाळ नाही.

दुपारी ती पडवीत कलंडायची. मी शेजारी वाखाचा दोर वळत बसायचो. एकदा मला तो आवाज आला. तोच, ओला, घोळवत घोळवत. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले. जबडा हलत नव्हता. गळा हलत नव्हता. मी वाकून कान खाली नेला, छातीपाशी, मग आणखी खाली. तिथे होता. थांबून थांबून. मग गिळल्यासारखा एक आवाज, आणि त्याबरोबर येसूचा चेहरा वेदनेने आवळला.

काय खात होतं ते? तिने तर काही खाल्लं नव्हतं.

रिकाम्या पोटात आतडी बोलतात. मी भुकेची पदं बांधलेला माणूस, मला तो आवाज माहीत आहे. हा तो नव्हता.

डोलीत घालून तिला पोलादपूरला नेलं. काठीचं एक टोक सहदेवाच्या खांद्यावर, एक मोरूच्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट दाबलं, पाठ ठोकली. मग नळी कानाला लावून पोट ऐकलं. ऐकता ऐकता थांबले. नळी पुसली, स्वतःच्या छातीला लावून पाहिली, पुन्हा येसूच्या पोटाला लावली.

"सकाळी काय खाल्लंत आजी?"

"कायपन नाय."

"हं." त्यांनी नळी काढली. "वायू धरलाय. ताक द्या, हिंग द्या. एवढी औषधाची बाटली घेऊन जा."

मग ते हात धुवायला गेले. हात धुतले, नळी धुतली, परत हात धुतले. आम्ही डोली उचलून रस्त्याला लागलो तरी आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

६

सहदेवाची सुट्टी संपत आली होती. जायच्या आदल्या दुपारी त्याने फोनो काढला. त्याला वाटलं, काकांना जरा बरं वाटेल. मी नको म्हणालो नाही. येसू आत निजली होती.

भुकेचं पद लागलं. मी अंग आवळून बसलो होतो. पाट मांडा गो. थाप. घुमारा उठला, विरला. त्याच्या मागे काही नव्हतं. पुढच्या ओळीलाही नाही. माझं गाणं स्वच्छ होतं, धुतलेल्या भांड्यासारखं. मला माझा हात ऐकू आला, त्याचा जडपणा ऐकू आला, आणि खरं सांगतो, पद चांगलं झालं होतं. आयुष्यात एवढं चांगलं मी कधी म्हटलं नव्हतं.

"बघा काका!" सहदेव खूश झाला. "नवी सुई टाकली, आवाज एकदम किलीयर. मी बोललो व्हतो ना?"

"पुन्ना लाव," मी म्हटलं.

त्याने लावलं. मी कर्ण्यात तोंड घालून ऐकलं. तो घाणेरडा आवाज तिथे असावा, निदान थोडा तरी उरलेला असावा, अशी मी देवाची प्रार्थना करत होतो. जे ऐकून मला मळमळलं होतं तेच ऐकायला मी कान टवकारले होते.

"अजून एकदा लाव."

"काका, तबकडी झिजंल."

"लाव रे बाबा."

तिसऱ्या वेळी तो आला. पण कर्ण्यातून नाही. माझ्या पाठीमागून, घरातून. ओळ संपली, थाप पडली, आणि घुमारा विरला तिथे नेमका आतून चघळण्याचा आवाज आला. तालात. पुढच्या ओळीलाही तिथेच, जागा न चुकता. माझ्याबरोबर कितीतरी साथीदार बसले. एवढा तालाचा पक्का मला कधी मिळाला नव्हता.

सहदेवाने तबकडीवर हात ठेवून ती थांबवली. गाणं थांबलं. आतला आवाज आणखी एक घास पुढे गेला आणि मग तोही थांबला, वाट पाहिल्यासारखा.

"काकी उठली वाटतं," सहदेव म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो बघायला आत गेला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच उतरला. फोनो इथेच ठेवून गेला. मी त्याला बोल लावत नाही. पोरंबाळं आहेत त्याची.

७

आषाढ लागला तशी येसूला कळ यायला लागली. ताक झालं, हिंग झाला, बाटली संपली. शिवथरहून कुणी अंगारा आणून दिला, तो लावला. उमरठच्या एका वैदूने मुळी दिली, ती उगाळून घातली. कळ उतरेना. ती ओरडायची नाही. आमच्या बायका ओरडत नाहीत. उशाची वाकळ दातांत धरायची. तिला झोप म्हणून नव्हती. मी पाहत बसायचो आणि मनात एकच यायचं: हिला घटकाभर झोप लागू दे. बाकी काही नको.

परवा दुपारी पाऊस कोसळत होता. घरात धूर कोंडला होता. तिने माझ्याकडे पाहिलं.

"अवो, जरा हात ठेवता का?"

मी उठलो नाही. हे सांगताना बरं वाटत नाही, पण तसंच झालं. तिचं पोट उघडं होतं. इतकं ताणलं होतं की चकाकत होतं. बेंबी सपाट झाली होती. सगळं अंग वाळून काळवंडलेलं आणि ते तेवढं पांढरं, काठोकाठ भरलेलं, मध्ये फुगीर. आणि वास. गोडसर, उबट.

"नको असंल तर राव दे," ती म्हणाली. तिला माझी किळस कळली होती. एवढ्या वर्षांत तिला माझं काय कळलेलं नव्हतं?

मग मी जवळ बसलो आणि डावा हात टेकवला. कोमट. बोटांखाली खळगा पडला आणि हळूहळू भरून आला. तिने डोळे मिटले. मी हात ठेवून बसलो. हात सवयीचा. कधी उचलला गेला आणि कधी पडला ते मला कळलं नाही. जोरात नाही, नुसता टेकल्यासारखा.

घुमारा उठला.

मी जन्मभर कातडी चढवली, वाद्या आवळल्या, थापेवर थाप टाकून पाहिली, तो आवाज मला कुठल्या मृदंगात मिळाला नव्हता. खोल, गोल, शेवटपर्यंत ओला. जमिनीतून आल्यासारखा. चुलीवरची भांडी बारीक थरथरली.

"हां," येसूने श्वास सोडला. "कळ सरकली. आनखी वाजवा."

मी वाजवलं. हळूहळू, विलंबित. तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या. दातांतली वाकळ गळून पडली. मी ओठांतल्या ओठांत गुणगुणत राहिलो, शब्द टाळून नुसती चाल. बाहेर पाऊस, आत तो आवाज. थोड्या वेळाने तिला झोप लागली. खरी झोप. मी थांबलो आणि हात तसाच टेकवून ठेवला.

तेव्हा आतून काहीतरी वर आलं.

तळहाताखाली आधी नुसता दाब आला. सरकत सरकत तो माझ्या बोटांपाशी पोचला. कातडीपलीकडून काही मऊ, गोल, माझ्या मधल्या बोटाच्या टोकाला लागलं. चाचपलं. उघडलं. आणि कातडीसकट माझ्या बोटावर मिटलं. दात नव्हते. वासरू बोट चोखतं तसं ते ओढायला लागलं, सावकाश, थांबून थांबून. प्रत्येक ओढीबरोबर तो ओला आवाज.

माझ्या तोंडात पाणी भरलं. पोटातून सगळं वर आलं. मी हात ओढून घेणार होतो. थोडा ओढलासुद्धा. येसूचा चेहरा लगेच आवळला, ती झोपेतच कण्हली, तिचे हात वाकळ शोधू लागले.

मी तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग वर आलेलं सगळं गिळलं, आणि बोट परत तिथे नेऊन ठेवलं.